लेड झेपलिनची न आलेली मुंबईची रेकॉर्ड

गेल्या रविवारी जुनी हार्ड डिस्क साफ करायला बसलो. (हे काम मी दर वर्षी दिवाळीच्या आधी काढतो आणि दर वर्षी अर्धवट सोडतो.) त्यात इंजिनियरिंगच्या काळातलं एक फोल्डर सापडलं. नाव 'झेप बॉम्बे', आत दोनच फाइली. आवाज असा की कुणीतरी पत्र्याच्या डब्यात रेडिओ ठेवून झाकण लावलंय. साफसफाई तिथेच थांबली, कारण या दोन फाइलींची गोष्ट केव्हाची लिहायची राहिली होती.

तर मंडळी, ही लेड झेपलिनची मुंबईत रेकॉर्ड झालेली दोन गाणी. साल १९७२. बँड तेव्हा जगात पहिल्या दोन-तिनात, त्यांची रेकॉर्ड दुकानात आली की लाखांनी खपायची. आणि ही दोन गाणी तब्बल त्रेचाळीस वर्षं कुठल्याच दुकानात आली नाहीत. मला ती २००१ मध्ये पुण्याच्या हॉस्टेलवर एका सीनियरच्या सीडीवरून मिळाली. त्याला कुणाकडून मिळाली होती, ते त्यालाही माहीत नव्हतं. बूटलेगचं असंच असतं. टेपवरून टेप, त्या टेपवरून सीडी, सीडीवरून एमपीथ्री. प्रत्येक कॉपीत आवाज थोडा मरतो आणि गोष्ट थोडी वाढते.

आता गोष्ट. ऑक्टोबर १९७२ च्या सुरुवातीला झेपलिनचा जपान दौरा झाला. परतताना गिटारवाला जिमी पेज आणि गायक रॉबर्ट प्लँट हे दोघंच मुंबईला उतरले. ड्रमर जॉन बॉनम आणि बास-कीबोर्डवाला जॉन पॉल जोन्स या रेकॉर्डिंगमध्ये नाहीत. (जुन्या पुस्तकांत या रेकॉर्डिंगची तारीख मार्च १९७२ अशी छापलेली सापडते, कारण त्याच वर्षी ऑस्ट्रेलियाहून परततानाही ते इकडे आले होते. अधिकृत रेकॉर्डवर मात्र ऑक्टोबरच आहे.)

त्याच मुक्कामात ते कुलाब्याच्या 'स्लिप डिस्क' नावाच्या डिस्कोथेकमध्ये गेले आणि तिथल्या पोरांची वाद्यं घेऊन वाजवायला लागले. कल्पना करा, स्टेजवर प्रत्यक्ष पेज आणि प्लँट! मुंबईत तेव्हा इंग्रजी गाणी वाजवणारे बरेच बँड होते. आपल्या आत्माराम भेंड्यांचा मुलगा नंदू भेंडे त्याच दुनियेतला, 'वेल्व्हेट फॉग'मध्ये गाणारा. पुढे 'तीन पैशाचा तमाशा'त मराठी प्रेक्षकांनी त्याला डोक्यावर घेतलं. असो, नंदूवर एक वेगळा लेख व्हायला हवा.

आमच्या वडिलांना १९७२ म्हटलं की एकच आठवतं. दुष्काळ. मिलो, सुकडी, खडी फोडायची कामं. जळगावात मेहरूणच्या आमच्या घरात त्या वर्षाचा विषय निघाला की आई अजूनही ताटातलं उरलेलं झाकून ठेवते. त्याच महिन्यात, त्याच राज्यात, फोर्टातल्या एका बिल्डिंगमध्ये दोन लांब केसांचे गोरे तबलेवाल्यांना गाणं समजावून सांगत होते, हे वडिलांना मी एकदा सांगितलं. ते म्हणाले, "त्यांना कोण पाऊस पाडायला सांगत होतं?" यावर काय बोलणार!

ती बिल्डिंग मात्र साधी नव्हती. फिरोजशहा मेहता रोडवरचा एचएमव्हीचा स्टुडिओ, म्हणजेच ईएमआयचा. याच ठिकाणी जानेवारी १९६८ मध्ये बीटल्सच्या जॉर्ज हॅरिसनने 'वंडरवॉल' नावाच्या सिनेमाचं संगीत रेकॉर्ड केलं होतं. मुंबईत तेव्हा स्टुडिओकडे मोनो मशीन होतं, म्हणून एचएमव्हीच्या भास्कर मेनन यांनी कलकत्त्याहून रेल्वेने दोन ट्रॅकचं स्टीरिओ मशीन आणवलं. त्याच मुक्कामात हॅरिसनने 'द इनर लाइट'चं वाद्यसंगीत करून घेतलं, जे दोनच महिन्यांत 'लेडी मॅडोना'च्या मागच्या बाजूला बीटल्सचं गाणं म्हणून बाहेर पडलं. लंडनमध्ये गाणारे आणि फोर्टात वाजवणारे, असं बीटल्सचं गाणं आहे हे कित्येकांना अजून माहीत नसतं. रस्त्यावरच्या ट्रॅफिकचा आवाज आत येतो अशी या स्टुडिओची ख्याती होती.

हॅरिसनच्या त्या एलपीच्या कव्हरवर वादकांची नावं छापलेली आहेत. संतूर शिवकुमार शर्मा. बासरी एस. आर. केंकरे. तारशहनाई विनायक व्होरा. स्पेलिंगची थोडी मोडतोड आहे, पण नावं आहेत. हा मुद्दा डोक्यात ठेवा, पुढे लागणार आहे.

पेजच्या रेकॉर्डिंगसाठी वादक जमवले आणि त्यांना सांभाळलं ते विजय राघव राव यांनी. हे नाव ओळखीचं नाही वाटलं? थांबा. राव हे बासरीवादक, पंडित रविशंकरांचे शिष्य, १९७० चे पद्मश्री. मृणाल सेनच्या 'भुवन शोम'चं संगीत त्यांचं. आणि मुख्य म्हणजे फिल्म्स डिव्हिजनच्या कित्येक माहितीपटांचं संगीत त्यांचं. लहानपणी आम्ही राजकमल टॉकीजला सिनेमाला जायचो तेव्हा आधी ती काळी-पांढरी रीळ लागायची. कुठे धरण, कुठे कुटुंबनियोजन, कुठे मधमाशा. पब्लिक तेवढ्यात शेंगदाणे घेऊन यायचं. माझ्या वयाच्या प्रत्येक माणसाने विजय राघव राव ऐकलेले आहेत, शेंगदाणे खाता खाता, नाव न वाचता.

रेकॉर्ड करायला पेजने दोन गाणी निवडली, आणि ही निवड मला फार बोलकी वाटते. दोन्ही आधीच प्रसिद्ध झालेली होती. 'फ्रेंड्स' तिसऱ्या अल्बममधलं, १९७०. 'फोर स्टिक्स' चौथ्यातलं, १९७१. दोन्ही त्यांच्या लोकप्रिय गाण्यांपैकी नव्हेत. उलट ही बँडची अडलेली गाणी म्हणायला हवीत. 'फोर स्टिक्स'चं नाव पडलं कारण बॉनमने दोन्ही हातांत दोन-दोन अशा चार काठ्या घेऊन ते वाजवलं. लंडनमध्येही ते चटकन जमलं नव्हतं, टेकवर टेक झाले होते. स्टेजवर ते त्यांनी एकदाच वाजवल्याची नोंद आहे, मे १९७१ मध्ये कोपनहेगनला. 'फ्रेंड्स'सुद्धा एकदाच, सप्टेंबर १९७१ मध्ये ओसाकाला. म्हणजे बँडला स्वतःला जी गाणी स्टेजवर नेता येत नव्हती, तीच घेऊन हे मुंबईला आले. आमच्या धंद्यात याला म्हणतात, जो बग आपल्याला सुटत नाही तो घेऊन दुसऱ्याच्या टेबलावर जाणे. यात कमीपणा नाही. मी आठवड्यातून दोनदा जातो.

(अवांतर: 'फ्रेंड्स'च्या मूळ रेकॉर्डवर शेवटी मूग सिंथेसायझरचा एक घुमारा आहे जो ओढत ओढत पुढच्या गाण्यात शिरतो. ती कलात्मक कल्पना वगैरे नव्हती. पुढच्या 'सेलिब्रेशन डे'ची सुरुवात टेपवरून चुकून पुसली गेली होती, ते भोक बुजवायला तो घुमारा वापरला. बॅकअप घ्या रे बाबांनो.)

मुंबईत काय झालं? पुस्तकांत जे छापलं जातं ते थोडक्यात असं: वादकांना पाश्चात्त्य पद्धतीने ताल सांभाळता येत नव्हता, त्यातले काही जण बरंच प्यायलेले होते, पेजला निकाल पसंत पडला नाही, टेप कपाटात गेली. हेच वाक्य एका पुस्तकातून दुसऱ्यात, तिथून वेबसाइटवर, तिथून चाहत्यांच्या तोंडी. हॉस्टेलवर आमच्या सीनियरनेही सीडी देताना हेच सांगितलं होतं. "आपल्या लोकांना टायमिंग जमलं नाही यार, नाहीतर इतिहास झाला असता."

मी ते तेव्हा मान डोलावून ऐकलं. खोटं कशाला बोलू, थोडी लाजही वाटली होती.

त्या दिवाळीला मी जळगावला गेलो. आमच्या गल्लीत तेव्हा एक बँडमास्तर राहायचे, क्लॅरनेट वाजवणारे. सगळी गल्ली त्यांना मास्तरकाका म्हणायची. लग्नसराईत त्यांचं दर्शन दुर्लभ, पण दिवाळीच्या आधी ते ओट्यावर मोकळे बसलेले असायचे. गोलाणी मार्केटमधून आणलेल्या स्पीकरवर मी ही गाणी लावली होती आणि खिडकी उघडी होती. थोड्या वेळाने खिडकीत मास्तरकाका.

"काय लावलं भो हे?"

म्हटलं, इंग्रजी बँड आहे काका.

"गाणारा असंल इंग्रज. वाजवणारे आपले आहेत."

मग आत येऊन बसले. 'फ्रेंड्स' पूर्ण ऐकलं. म्हणाले, तीव्र मध्यम धरून बसलाय गडी, सोडत नाही. दुसरं लावलं, त्यात प्लँटचा आवाज नाही, नुसती वाद्यं. सीनियरचं टायमिंगचं वाक्य मी त्यांना सांगितलं. ते काही बोलले नाहीत. मांडीवर बोटं सुरू झाली. मी पण मोजायला लागलो. पाच, मग सहा, परत पाच, आणि माझं चुकलं. गाणं खरोखरच पाच आणि सहाच्या जोडीने चालतं आणि मध्येच वळतं. मास्तरांचं बोट मात्र प्रत्येक वेळी बरोबर जागेवर पडत होतं. विचारलं, काका मोजता कसं?

"मोजाचं नाही भो. मोजशील तर पडशील. ध्यानात ठेवाचं."

या एका वाक्याने मला त्या स्टुडिओतला दिवस जेवढा कळला तेवढा कुठल्या पुस्तकाने कळला नाही. नोटेशन वाचणारा माणूस एक-दोन-तीन-चार मोजतो, रेष आली की पुढच्या घरात जातो. मुंबईच्या सिनेमा ऑर्केस्ट्रात असे वाचणारे भरपूर होते, व्हायोलिनच्या रांगाच्या रांगा, बरेचसे गोव्याचे. पण तबलेवाला तसा शिकलेला नसतो. त्याला ठेका लागतो, सम लागते, आवर्तन कुठून कुठे जातं हे अंगात यावं लागतं. अकरा मात्रा आपल्याला परक्या नाहीत, रुद्रताल अकराचाच आहे. पण रुद्रताल वाजवणाऱ्याने त्यात किती दिवस घालवलेले असतात! इथे एक परका माणूस येतो, गिटारवर एक तुकडा वाजवून दाखवतो, त्याचा ठेका ठरलेला नाही, सम कुठे ते त्यालाही सांगता येत नाही, आणि त्यावर थोडक्या वेळात वाजवा म्हणतो. जे गाणं लंडनमध्ये स्वतः बॉनमला सहज जमलं नाही, ते फोर्टात पहिल्या बैठकीत डगमगलं तर त्याला 'ताल सांभाळता येत नव्हता' म्हणायचं? सिनेमाच्या लाइव्ह रेकॉर्डिंगमध्ये एक जण चुकला की पन्नास-साठ जणांना पुन्हा पहिल्यापासून वाजवावं लागायचं. त्या बाजारात ताल न सांभाळणारा माणूस दुसऱ्या दिवशी कामावर दिसला नसता.

आणखी एक. बूटलेगांवर या मंडळींना 'बॉम्बे सिंफनी ऑर्केस्ट्रा' म्हटलं जायचं. हे तर साफ चूक. त्या नावाचा ऑर्केस्ट्रा झुबिन मेहतांचे वडील मेहली मेहता यांनी १९३५ साली काढला होता आणि त्याचा या रेकॉर्डिंगशी काडीचा संबंध नाही. इथे वाजवणारे रोज सकाळी उठून स्टुडिओत जाणारे रोजंदारीचे कलावंत होते. पण परदेशी चाहत्याला मुंबई आणि व्हायोलिन एकत्र दिसले की सिंफनी.

टेप कपाटात का राहिली, याचं मला पटणारं कारण साधं आहे. 'हाउसेस ऑफ द होली' हा पुढचा अल्बम तोवर जवळजवळ तयार होता, तो मार्च १९७३ मध्ये आला. या दोन गाण्यांत निम्माच बँड. गाणी जुनी. लंडनमध्ये सोळा ट्रॅकवर काम करायची सवय लागलेल्या माणसाला मुंबईचा आवाज अपुरा वाटला असणार. म्हणजे ही रेकॉर्ड 'फसली' नाही, तो प्रोटोटाइप होता. प्रोटोटाइप फेकायचाच असतो, पण त्यातून जे कळतं ते राहतं. १९७५ मध्ये 'कश्मीर' आलं. पेज-प्लँट दोघंही काश्मीरला गेलेले नव्हते, गाणं सुचलं मोरोक्कोच्या रस्त्यावर, व्हायोलिनं लंडनची. तरी त्या गाण्यात व्हायोलिनं एका सुरावर जशी ओळीने चढत जातात, ते ऐकताना मला फोर्टातला तो दिवस आठवल्याशिवाय राहत नाही. आणि १९९४ मध्ये पेज आणि प्लँट पुन्हा एकत्र आले तेव्हा त्यांनी हीच दोन्ही गाणी परत काढली, यावेळी इजिप्तचे वादक घेऊन. बावीस वर्षं हे डोक्यात राहिलंच होतं तर.

आता थोडं स्वतःचं. पुण्यात एका कंपनीत असताना आम्ही सात जणांनी दोन वर्षं एक प्रॉडक्ट केलं. रिलीजला पाच आठवडे राहिले असताना ते बंद झालं. कारणं वरची होती, कुणीतरी कुणालातरी विकत घेतलं, वगैरे. पण शेवटच्या मेलमध्ये एक वाक्य होतं, की टीमला वेळापत्रक सांभाळता आलं नाही. बस. दोन वर्षांचं एवढंच लेखी उरलं. त्यानंतर आमच्यातल्या एकीने मुलाखतीत ते प्रॉडक्ट सांगितलं तर समोरचा म्हणाला, "अच्छा, ते डिले झालेलं?" ती घरी येऊन रडली. त्या रात्री मी ही दोन गाणी लावली होती, का ते तेव्हा नीटसं कळलं नाही. 'सांभाळता आलं नाही' हे वाक्य जो लिहितो त्याच्याकडे टेप असते आणि ज्यांच्याबद्दल लिहिलंय त्यांच्याकडे नसते, एवढं मात्र तेव्हापासून डोक्यात पक्कं बसलं.

टेप शेवटी बाहेर आली. झेपलिनच्या सगळ्या रेकॉर्डी पेजने स्वतः साफसूफ करून पुन्हा काढल्या, त्यात ३१ जुलै २०१५ ला 'कोडा'ची वाढीव आवृत्ती आली आणि तिच्यात ही दोन्ही गाणी. 'फोर स्टिक्स'चं नाव आता 'फोर हँड्स'. त्याच दिवशी ऑफिसात हेडफोन लावून ऐकली. पत्र्याचा डबा गेला होता. तबल्याची शाई ऐकू येत होती. 'फ्रेंड्स'मध्ये व्हायोलिनं आणि तबला प्लँटच्या आवाजाला इतके बिलगून चालतात की ताल न जमल्याची कहाणी ज्याने पहिल्यांदा लिहिली त्याने हे ऐकलं होतं का, असा प्रश्न पडावा. 'फोर हँड्स' थोडं सावध आहे, हे मान्य. पण पडत नाही. विजय राघव राव हे बाहेर पडलेलं पाहायला राहिले नाहीत, ते २०११ मध्ये अमेरिकेत गेले.

गाण्याच्या नावापुढे कंसात लिहिलंय: बॉम्बे ऑर्केस्ट्रा.

त्या हिवाळ्यात जळगावला गेलो तेव्हा मोबाइल घेऊन मुद्दाम मास्तरकाकांकडे गेलो. क्लॅरनेट सुटलं होतं, दात गेले होते. समोर सुपात मेहरूणची बोरं वाळत घातलेली. चौदा वर्षांपूर्वीचं त्यांना काही आठवत नव्हतं, पण तबला सुरू झाल्याबरोबर बोटं मांडीवर आली. दोन्ही गाणी ऐकून झाल्यावर म्हणाले, "कोण कोण आहेत रे वाजवणारे?"

कंसातलं वाचून दाखवलं.

"हां. आमच्याबी गाडीवर मालकाचंच नाव राहे."

मग त्यांनी दुसरं गाणं परत लावायला सांगितलं. मी लावलं. तिसऱ्या वेळी म्हणाले, हे माझ्या नातवाच्या मोबाइलवर पाठव. पाठवलं.